पोट शांत असतानाच ऐकून ठेव

रक्त पडायचं थांबलं, कळा गेल्या, रात्री उठावं लागेनासं झालं की तुझ्या मनात येईल, आता गोळ्या कशाला खायच्या? ते मनात यायच्या आधीच सांगून ठेवते. पोट दुखत असताना सगळेच पथ्यानं वागतात. या रोगात माणूस फसतो तो बरं वाटायला लागल्यावर.

आत्या म्हणून बोलतेच आहे, पण हाच रोग पोटात घेऊन पिंपरीच्या एच.ए. या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहिलेली बाई म्हणूनही बोलते. तेव्हा माझ्यापुढे लाजायचं नाही. संडास, रक्त, आव, कुंथणं हे उच्चारल्याशिवाय या दुखण्याबद्दल काही बोलताच येत नाही. डॉक्टरपुढे 'जरा पोट बिघडलंय' एवढंच पुटपुटलास तर तोही आवेची गोळी लिहून मोकळा होईल. दिवसातून किती वेळा जावं लागलं, त्यात रक्ताचे किती, झोपेतून उठावं लागलं का, वजन किती उतरलं, ताप होता का, हे न विचारता सांगायचं. झोपेतून उठवणारे जुलाब आणि रक्त या दोन गोष्टी तर आधी. नुसत्या टेन्शननं बिघडणारं पोट सहसा माणसाला झोपू देतं, हे पोट झोपू देत नाही.

तुझी आई म्हणाली मूळव्याध, रूमवाले म्हणाले उष्णता, मेडिकलवाला म्हणाला अमिबा. त्यांचा तरी काय दोष? रक्ती आव आपल्याकडे घरोघरी माहितीची, त्यामुळे कोलायटिसच्या माणसाचे पहिले काही महिने अमिबाच्या गोळ्यांवरच जातात. तुला झालाय तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात. बाहेरून कोणी जंतू आलेला नसताना शरीराचीच प्रतिकारशक्ती तिथं लढत बसते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि वर सरकते. म्हणून एवढी घाई होते आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. रोग शांत होतो, शांत राहू शकतो, पण मुळासकट निघत नाही. 'मुळापासून बरा करतो' म्हणणारा भेटला की चप्पल घालून निघायचं.

याचाच भाऊ क्रोन्सचा रोग. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. आपल्या देशात त्याची गल्लत होते आतड्याच्या टीबीशी. दुर्बिणीतूनसुद्धा दोन्ही सारखे दिसू शकतात, आणि टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर तो भडकतो. थेऊरला, चिंचवडच्या देव घराण्यानं बांधलेल्या देवळाच्या आवारात थोरले माधवराव पेशवे १७७२ साली क्षयानं गेले. तो आतड्यांचा होता असं सांगतात. तेव्हा आतड्याचा तुकडा तपासायला कोणी नव्हतं, आज आहे. चाकणच्या कंपनीत तुझ्या लाइनवर कोणाला क्रोन्स सांगितला तर 'टीबी नाही ना, हे नीट बघितलंय का?' एवढं त्याला विचारायला सांग. तुलाही पुढे कधी इंजेक्शनची भारी औषधं लागली तर ती सुरू करण्यापूर्वी छातीचा फोटो आणि टीबीची तपासणी होते. तिला कंटाळायचं नाही.

आता गोळ्या. तुला मेसालामाइन दिलंय, ते रोग शांत असतानाही चालू ठेवायचं असतं. शिकागोच्या डॉक्टरांनी अशा ९९ शांत रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवून २००३ साली छापलं, की नेमानं औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ८९ शांत राहिले आणि चुकारपणा करणाऱ्यांपैकी फक्त ३९. असे आकडे मी कुठल्याही काढ्याबद्दल ऐकलेले नाहीत. आपल्या नात्यागोत्यातही ज्यांचा रोग उलटला त्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं. दिवाळीत गावी गेले, गोळ्यांचं पाकीट रूमवर राहिलं, आठ दिवस काही झालं नाही म्हणून मग घेतल्याच नाहीत. रोग त्याच दिवशी उलटत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी उलटतो, म्हणून लोकांना त्याचा संबंध लागत नाही.

चाकणमध्ये तुझी अडचण निराळी. शिफ्ट आठवड्याला बदलते. सकाळी आठची गोळी असं ठरवलंस तर नाईटच्या आठवड्यात आठ वाजता तू कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत असशील. गोळी घड्याळाला बांधू नकोस, जेवणाला बांध. जे जेवण कुठल्याही शिफ्टमध्ये चुकत नाही त्याच्याबरोबर. सगळा डोस दिवसातून एकदाच घेतला तरी चालतो का, हे डॉक्टरांना विचारून घे. मेसालामाइनला बहुतेकांना चालतं, आणि तीन वेळा लक्षात ठेवण्यापेक्षा एकदा सोपं. गोळी चावायची नाही, कुटून पाण्यात घालायची नाही. तिच्यावरचा थर आतड्यात पोचल्यावर विरघळावा म्हणूनच दिलेला असतो. चार पाकिटं कपाटात, एक बॅगेत, एक कंपनीच्या लॉकरमध्ये. वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन बघून घे, कारण हे औषध क्वचित किडनीला त्रास देतं.

एनिमा लिहून दिला की पोरं तोंड फिरवतात. तू कॉट बेसिसवर राहतोस, खोलीत तीन जण, मला कळतं. पण सूज खाली असेल तर वरून घेतलेल्या गोळीपेक्षा खालून दिलेलं औषध जास्त कामाचं, आणि दोन्ही मिळून सर्वांत चांगलं. संडासला जाऊन यायचं, डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, औषध सोडायचं आणि तसंच पडून राहायचं. डाव्या कुशीवर का, तर मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण त्या बाजूला आहे. नाईट असेल तर सकाळी आल्यावर झोपण्यापूर्वी घे. तेव्हा खोलीतले फर्स्ट शिफ्टला गेलेले असतात, खोली तुझीच.

स्टिरॉइडबद्दल दोनच गोष्टी. डॉक्टरांनी दिलं तर घ्यायचं, घाबरायचं नाही. आणि बंद करायचं ते त्यांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच, एका दिवसात कधीच नाही. कुठल्याशा वैदूची पुडी घेऊन दोन दिवसांत चमत्कारासारखं बरं वाटलं तर संशय घे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

शिंजो आबे माहीत आहेत ना, जपानचे माजी पंतप्रधान? त्यांना पोरवयापासून हाच कोलायटिस होता. २००७ साली एका वर्षातच राजीनामा द्यावा लागला. पुढे नवं औषध लागू पडलं, २०१२ च्या डिसेंबरात परत पंतप्रधान झाले आणि त्या देशात सर्वांत जास्त काळ त्या खुर्चीवर बसले. २०२० च्या ऑगस्टमध्ये रोग पुन्हा उलटला तेव्हा सगळ्या जगासमोर आतड्याचं नाव घेऊन पायउतार झाले. आपल्याकडे सुपरवायझरला सांगायचं तर पोराला घाम फुटतो.

सप्लिमेंटकडे येते. तुझ्या मोबाइलवर रोज त्याच्याच जाहिराती येत असतील. माझं मत सरळ आहे. ताटात डाव्या बाजूला चटणी-लोणचं असतं तेवढीच यांची जागा, त्यानं पोट भरायला बसू नये. पण काही गोष्टी खरोखर कमी पडतात आणि त्या मोजून भराव्याच लागतात.

पहिलं लोह. रक्त जात राहिलं की हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते आणि माणूस समजतो ओव्हरटाइमचा थकवा. सूज चालू असताना लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत आणि अंगालाही नीट लागत नाहीत, अशा वेळी सलाईनमधून देतात. गोळीनं शौचाला काळपट होतं, ते माहीत असू दे. पण गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं झालं तर ते वरचं रक्त, तेव्हा थांबायचं नाही.

दुसरं ड जीवनसत्त्व. नाईट करून दिवसा पडदे लावून झोपणाऱ्या माणसाला ऊन भेटणार कधी? साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते, ती सांगितलेले आठवडेच. लोक ती वर्षभर खात सुटतात. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीवर येतं. स्टिरॉइड चालू असेल तेवढ्या काळात हाडांसाठी कॅल्शियमही देतात. सल्फासलाझिन हे जुनं औषध चालू असेल तर फॉलिक ॲसिड लागतं, कारण ते औषध फॉलिकच्या आड येतं. बी-१२ तपासून घे. आपलं घर माळकरी, आणि ते जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतंच. क्रोन्सवाल्याला लहान आतड्याचं शेवटचं टोक बिघडलं की ते शोषलंही जात नाही.

हळदीवर जरा थांबते, कारण सगळ्यांचं घोडं तिथं अडतं. जपानात २००६ साली ८९ शांत रुग्णांवर प्रयोग झाला. नेहमीचं औषध सर्वांना चालू ठेवलं, निम्म्यांना वर रोज दोन ग्रॅम कुर्क्युमिन दिलं. सहा महिन्यांत रोग उलटला तो कुर्क्युमिन घेणाऱ्यांत शेकडा पाचांचा आणि न घेणाऱ्यांत विसांचा. म्हणजे हळदीत गुण आहे. पण नीट ऐक. औषध बंद करून नव्हे, औषधाच्या जोडीला. आणि हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असतं. दोन ग्रॅम मिळवायला रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. सांगलीची असली तरी एवढी हळद कोणाच्या पोटात मावत नाही. तेव्हा हळद-दूध प्यायचं तर आवडीनं पी, इलाज म्हणून नको. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलनं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून घ्यायचीच तर डॉक्टरांना सांगून आणि यकृताची तपासणी करत.

इसबगोल चांगलं. स्पेनमध्ये १९९९ साली त्याच्या बियांची मेसालामाइनशी तुलना केली, रोग शांत ठेवण्यात फार फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावर विसंबून गोळी सोडायची नाही. मात्र भरपूर पाण्याबरोबर, गोळीपासून दोन तास लांब आणि पोट शांत असतानाच. क्रोन्सनं आतडं अरुंद झालेल्या माणसानं त्याला हातही लावू नये, तिथं ते फुगून अडकतं.

गुळवेल मात्र नको. कोविडात घरोघर काढे उकळले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती छापली, आयुष मंत्रालयानं ती मानली नाही. तो वाद त्यांच्यात राहू दे. आपलं साधं गणित असं, की तुझी प्रतिकारशक्ती आधीच नको तिथं तलवार उपसून उभी आहे. तिला आणखी जोर देणारं काही कशाला घ्यायचं? 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेला प्रत्येक डबा याच हिशेबात धर.

आजीचं जायफळ, बेलाचा मुरांबा, कुड्याचं पाळ? साध्या जुलाबाला आजी उगाळून द्यायची ते ठीक होतं. रक्त पडत असताना नुसतं बांधून ठेवणारं काहीही घेऊ नये. हेच लोपेरामाइडच्या गोळीलाही लागू. मोठ्या आतड्याला जोराची सूज असताना त्याची हालचाल थांबवली तर ते फुग्यासारखं ताणतं, आणि मग ऑपरेशनवर येतं.

जेवणाचा एकच तक्ता सगळ्यांना चालत नाही, त्यामुळे कोणाची यादी डोळे मिटून घेऊ नकोस. महिनाभर वहीत लिही, काय खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. रोग उसळलेला असताना भाताची पेज, मुगाचं पातळ वरण, तूप, दुधीची शिजवून मऊ केलेली भाजी, केळं, सोसत असेल तर ताजं ताक. मोड आलेली कडधान्यं, कच्ची कोशिंबीर, कोबी, मिरचीची तर्री तेवढ्यापुरती बाजूला. पोट शांत झालं की हळूहळू सगळं परत आण. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, सगळं. मी पाहिलेली निम्मी माणसं रोगानं नाही, भीतीनं वाळली. आज दूध सोडलं, उद्या डाळ, परवा गहू, शेवटी भात-मीठ उरलं आणि वजन चाळिशीत आलं. दुधानं त्रास होतो असं वहीत दिसलं तर दूध सोड, दही राहू दे. कँटीनमध्ये मिसळ असेल त्या दिवशी तर्री न घेता पाव-उसळ खा, कोणी हसत नाही. लाइनवरचा चहा मात्र मोज. दर ब्रेकला एक झाला की पोट आपोआप पळायला लागतं.

आकुर्डीत तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की घरात आषाढीची चर्चा सुरू होते. रिकाम्या पोटी दिवस काढून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची. पोट शांत असलेल्यालाही ती जड जाते. उपास करायचाच तर वरीचे तांदूळ, ताक, राजगिऱ्याचा लाडू, केळी, थोडं थोडं. रोग चालू असेल तर करू नकोस. मी केला नाही, विठोबानं हिशेब मागितलेला नाही.

जुलाब जास्त झाले आणि पेंट शॉपच्या उकाड्यात उभं राहायचं असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. सरकारी दवाखान्यात जलसंजीवनीची पुडी मिळते तीही चालेल. बाजारची रंगीत बाटली म्हणजे ते नव्हे.

कंबर धरली म्हणून फर्स्ट एडच्या पेटीतून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन उचलू नकोस. रोग उलटवायला या वेदनाशामक गोळ्या पुरेशा होतात. पॅरासिटामॉल चालतं. तसंच मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक नको. मी १९५४ साली उभ्या राहिलेल्या, देशाला पेनिसिलिन करून देणाऱ्या कारखान्यात आयुष्य काढलं, मला त्या औषधांचा अभिमान आहे. म्हणूनच सांगते, ती आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही सोडत नाहीत. लागतील तेव्हा घ्यावीत, सर्दीला घेऊ नयेत. कोणीतरी म्हणेल सिगारेट सोडल्यावर कोलायटिस उसळतो. काही जणांत तसं दिसतं खरं, पण म्हणून ओढायला लागणं शहाणपणाचं नाही. क्रोन्समध्ये तर सिगारेट सरळ वैरी. तंबाखू मळण्याचा दोन्हीत काही उपयोग नाही.

आता रस्ता. नाशिक फाट्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत गाडी कधी पोचेल हे देवही सांगणार नाही. मोशी, कुरुळी, आंबेठाण चौक, कुठेही तासभर अडकशील. या वाटेवर कुठल्या पंपावर, कुठल्या हॉटेलात संडास आहे आणि तो उघडा असतो का, हे सुट्टीच्या दिवशी बघून ठेव. बॅगेत एक चड्डी-पँट, ओले टिश्यू, एक काळी पिशवी. हे जवळ आहे एवढ्यानंच निम्मी घाई कमी होते. बसमध्ये दाराजवळची जागा धर आणि ड्रायव्हरला एकदा विश्वासात घे. लाइनवर सुपरवायझरला सगळा रोग समजावत बसू नकोस. 'मोठ्या आतड्याचा आजार आहे, अचानक जावं लागतं, डॉक्टरांचं पत्र हे' एवढं पुरे. कारखान्यात संडासची सोय करणं ही मेहरबानी नाही, १९४८ च्या कायद्यापासून मालकावर बंधन आहे. तू कंत्राटी आहेस म्हणून गप्प बसू नकोस. ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत शेकडा ७० पगार मिळतो. हजेरीची अट असते, ती एचआरला विचारून ठेव. कार्ड कुठे आहे ते तुला माहीत नसणार, आधी ते शोध.

झोपेचं म्हणशील तर नाईटच्या आठवड्यात पोट बिघडतंय असं वहीत सलग दिसलं, तर शिफ्ट बदलून मागायला तेच कागद कामाला येतील. चालायला जा. निगडीची दुर्गा टेकडी चढ, सुट्टीला माझ्याकडे आलास की. व्यायामानं रोग जात नाही, पण झोप लागते.

हे मात्र पाठ कर. दिवसात सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्याबरोबर ताप किंवा नाडी नव्वदच्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, म्हणजे घरी थांबायचं नाही. ऑक्सफर्डच्या दोन डॉक्टरांनी १९५५ साली घातलेली ही खूण आजही दवाखान्यात वापरतात. पोट फुगून टणक झालं तरी तसंच. वायसीएम हॉस्पिटल गाठ किंवा तुझे पोटाचे डॉक्टर जिथं असतील तिथं जा, पण अर्ध्या रात्री का होईना, जा. शिफ्ट संपायची वाट बघू नकोस.

रोगाला आठ वर्षं झाली की पुन्हा दुर्बीण करून घ्यायची, काही त्रास नसला तरी. जुन्या सुजेतून कर्करोग होऊ शकतो, तो आधी पकडता येतो. तारीख फाइलवर आत्ताच लिहून ठेव. लग्नाचं बोलणं निघालं की मुलीला आधी सांग. तिच्या बापाला नाही, तिला. लग्न होतं, मुलंबाळं होतात. सल्फासलाझिननं पुरुषात शुक्रजंतू कमी होतात, औषध बदललं की परत येतात, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

शौचाची कॅलप्रोटेक्टिनची तपासणी सांगितली आहे ना, ती याच आठवड्यात दे. आकडा पन्नासच्या खाली आला तर छान, अडीचशेच्या वर गेला तर बरं वाटत असलं तरी आत सूज आहे असं धरायचं. रिपोर्टचा फोटो मलाही पाठव. चष्मा बदललाय, आकडे नीट दिसतात आता.